फिजीची जोडनौका

इ. स. १७८९ च्या मे महिन्याची सातवी तारीख. दक्षिण पॅसिफिक महासागरात अवघ्या तेवीस फूट लांबीच्या एका उघड्या होडीत अठरा इंग्रज खलाशी दाटीवाटीने बसले होते. ‘बाउंटी’ जहाजावर बंड होऊन नऊ दिवस झाले होते. कप्तान विल्यम ब्लाय आणि त्याच्याशी इमान राखणारी माणसे यांना बंडखोरांनी या होडीत उतरवून समुद्राच्या स्वाधीन केले होते. अन्नपाण्याच्या आशेने ही मंडळी तोफुआ बेटावर उतरली, तेव्हा तेथील लोकांच्या दगडांच्या माऱ्यात त्यांचा एक सोबती प्राणास मुकला. त्यानंतर कोणत्याही बेटावर पाय ठेवावयाचा नाही असा निश्चय करून ब्लाय पश्चिमेकडे चालला होता. होडीत बंदूक एकही नव्हती; होत्या त्या चार तलवारी.

त्या दिवशी दुपारी ही होडी फिजी द्वीपसमूहाच्या वायव्येकडील यासावा बेटांजवळून जात असता किनाऱ्याच्या कडेने दोन मोठ्या शिडाच्या नौका वेगाने मागून येताना दिसल्या. इंग्रजांनी वल्ही हाती घेतली आणि जिवाच्या आकांताने ते ती मारू लागले. तिसऱ्या प्रहरी तीनच्या सुमारास दोहोंपैकी एक नौका दोन मैलांवर येऊन ठेपली. आणि मग, का कोण जाणे, तिने पाठलाग सोडून दिला. ब्लाय बचावला, पुढे तिमोरपर्यंत पोहोचला, आणि हा प्रसंग त्याच्या रोजनिशीत राहिला. युरोपातील एक कसलेला दर्यावर्दी समोरच्या नौकेचा वेग पाहून मनातून हादरला होता.

त्या समुद्रात अशा वेगाने धावणाऱ्या मोठ्या नौकांचे दोनच घाट होते. एक ‘द्रुआ’ आणि दुसरी तिची धाकटी बहीण ‘थामाकाऊ’. फिजी भाषेत द्रुआ म्हणजे जोडी, जुळे. कोकणच्या किनाऱ्यावर उलांडीची होडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना या नौकांची कल्पना करणे अवघड जाणार नाही. होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका बाजूस दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला एक लाकडाचा ओंडका बांधतात, तीच उलांडी. थामाकाऊ ही अशीच, परंतु फार मोठी, उलांडीची नौका होय. द्रुआमध्ये मात्र त्या ओंडक्याच्या जागी दुसरी आतून पोकळ अशी सबंध नावच येते. तथापि ही जुळी भावंडे सारख्या उंचीची नव्हेत. एक मोठी, तिला ‘काता’ म्हणत. दुसरी तिच्याहून आखूड व अरुंद, तिला ‘थामा’. दोहोंच्या मधोमध, दोन्ही नावांवर टेकलेला, फळ्यांचा एक विस्तीर्ण चौथरा असे आणि त्यावर एक छपराची खोपी. डोलकाठी मोठ्या नावेवर उभी राही. शीड केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटया एकमेकींस शिवून केलेले, त्रिकोणी, खेकड्याच्या नांगीसारखे वर दुभंगलेले.

तिच्या आकारमानाविषयी ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत, परंतु काही मोजमापे विश्वसनीय आहेत. थॉमस विल्यम्स हा वेस्लियन मिशनरी १८४० पासून १८५३ पर्यंत फिजीत राहिला होता. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एका द्रुआची लांबी ११८ फूट दिली आहे. तिचे नाव ‘रुसा-इ-वानुआ’, म्हणजे ‘जमिनीवरच नष्ट झालेली’. इतकी अवाढव्य नौका पाण्यात उतरणे शक्य नाही, ती बांधली तेथेच कुजणार, अशी लोकांची समजूत झाली आणि तेच तिचे नाव पडले. ती उतरली, हे त्या नावाने पुढे कबूल केले नाही इतकेच! तुलनेसाठी सांगावयाचे तर कोलंबसाच्या ‘निन्या’ व ‘पिंता’ या नौका याहून आखूड होत्या. १८४० साली अमेरिकन सरकारने धाडलेल्या शोधमोहिमेचा नायक चार्ल्स विल्क्स याला म्बाऊ बेटाचा वृद्ध राजा तानोआ भेटावयास आला, तो शंभर फुटी द्रुआतून. तिच्यावर अडीच हजारांहून अधिक पांढऱ्याशुभ्र कवड्या जडविलेल्या होत्या, तिला हाकणारे चाळीस खलाशी तोंगा बेटांतील होते, आणि तिचा वेग पाहून विल्क्ससारखा नाविक अधिकारीही चकित झाला. मोठ्या द्रुआवर दीडदोनशे लढवय्ये सहज मावत. आणि या सगळ्या बांधणीत धातूचा एक खिळाही नसे.

ही नौका चालविण्याची रीत आपल्या नित्य परिचयाच्या कोणत्याही गलबताहून निराळी आहे, आणि तिचे सारे रहस्य तेथेच आहे. गलबताला पुढची बाजू एक व मागची एक. वारा समोरून येत असेल तर ते नागमोडी वाटेने जाते. प्रत्येक वळणावर ते आपली नाळ वाऱ्यातून फिरविते आणि वारा कधी उजव्या कुशीवर तर कधी डाव्या कुशीवर घेते. द्रुआला हे करता येत नाही, किंबहुना करून चालत नाही. तिची लहान नाव सदैव वाऱ्याच्या बाजूसच राहिली पाहिजे. शिडात वारा भरला की मोठी नाव पाण्यात दबते, लहान नाव वर उचलू पाहते आणि आपल्या भाराने सबंध नौकेचा तोल सावरते. वारा जर उलट बाजूने आला, तर शीड डोलकाठीवर आपटावयाचे, काठी मोडावयाची आणि लहान नाव पाण्याखाली दडपली जाऊन सारेच उलटावयाचे. म्हणून द्रुआची दोन्ही टोके सारखीच घडविलेली असत. दिशा बदलण्याची वेळ आली की नौका वाऱ्याला आडवी करीत, शिडाचे खालचे टोक पुढून सोडवून माणसे ते चौथऱ्यावरून धावत दुसऱ्या टोकाला नेत, डोलकाठी उलट बाजूस कलवीत आणि सुकाणूचे प्रचंड वल्हे उचलून इकडून तिकडे बसवीत. घटकेपूर्वी जी नाळ होती ती आता पिछाडी झाली! हे सारे खवळलेल्या समुद्रात, फडफडणाऱ्या शिडाखाली, काही क्षणांत उरकावे लागे. शिडाचे टोक हातून सुटले तर ते माणसाला पाण्यात फेकून देई. सुकाणू म्हणजे दहा-वीस फुटी वल्हेच. त्याच्या फटक्याने बरगड्या मोडत. जोराच्या वाऱ्यात ते एकट्याच्या आटोक्यात राहत नसे, दोघेतिघे त्याला भिडत. दोन्ही नावांच्या पोटात उतरलेली माणसे अहोरात्र पाणी उपशीत असत. वारा पडला की चौथऱ्यातील फटींतून लांब वल्ही उभी खाली सोडून खलाशी उभ्यानेच ती डोलवीत आणि नौका पुढे रेटीत.

इतका खटाटोप कशासाठी? उत्तर वेगात आहे. लहान नाव वाऱ्याकडे ठेवण्याच्या युक्तीमुळे अरुंद, हलक्या नावेवर शिडाचा मोठा विस्तार चढविता येतो. शिवाय वाऱ्याच्या दिशेशी बराच लहान कोन करून ती पुढे घुसते. तत्पूर्वी तोंगा बेटांत ‘तोंगियाकी’ नावाची जुनी जोडनौका प्रचारात होती. डच दर्यावर्दी स्खाउटेन याने १६१६ मध्ये व तास्मान याने १६४३ मध्ये तोंगाच्या समुद्रात याच नौका पाहिल्या. ती भक्कम होती, दूरवर जाई, परंतु वाऱ्याविरुद्ध तिची मात्रा फारशी चालत नसे. कॅप्टन कुक १७७० नंतरच्या दशकात तोंगात आला तेव्हा फिजीची नवी नौका तेथे नुकती दिसू लागली होती. पुढील पन्नास वर्षांत तोंगियाकी जवळजवळ नाहीशी झाली आणि तिची जागा द्रुआने घेतली. तोंगाच्या लोकांनी तिला ‘कालिया’ म्हटले, समोआच्या लोकांनी ‘आलिया’. ज्या दर्यावर्दी जातीला आपल्या नौकाविद्येचा अभिमान होता, तिने शेजाऱ्याचा घाट निमूटपणे उचलला, यातच द्रुआची थोरवी आली.

परंतु ‘फिजीची नौका’ हे शब्द तरी कितपत खरे? या विषयाच्या अभ्यासकांत जेम्स हॉर्नेल यांचे नाव अग्रगण्य आहे. हे गृहस्थ मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे संचालक होते. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील होड्यांचे घाट तपासून त्यांवर त्यांनी १९२० साली एक प्रबंध लिहिला होता, आणि निवृत्तीनंतर ते पॅसिफिककडे वळले. ‘कॅनूज ऑफ ओशनिया’ या तीन भागांच्या ग्रंथाचा १९३६ साली निघालेला पहिला भाग त्यांचा आहे. नावेची दोन्ही टोके सारखी ठेवून शीड इकडून तिकडे फिरविण्याची कल्पना मूळची फिजीची नव्हे; ती उत्तरेकडील मायक्रोनेशियाच्या बेटांतून आली, असे मत अभ्यासकांत आता रूढ आहे. तिकडील बेटे म्हणजे प्रवाळाचे कंकण. मोठे लाकूड तेथे दुर्मिळ, म्हणून तेथील नौका चपळ परंतु लहान. फिजीला ही युक्ती मिळाली आणि फिजीजवळ जे होते ते तिने त्यात ओतले. तिच्याजवळ जंगल होते.

या जंगलाचा राजा म्हणजे ‘वेसी’ हा वृक्ष. त्याचे लाकूड जड, गर्द तांबूस आणि पाण्याला व किडीला दाद न देणारे. फिजीच्या पूर्वेकडे लाऊ नावाची बेटांची लांबच लांब रांग आहे. तिच्या दक्षिण टोकाकडील कंबारा, फुलांगा, ओंगेआ ही बेटे चुनखडीची आहेत. तेथे माती थोडी, गोडे पाणी थोडे, कंदमुळे जेमतेम पिकतात. मात्र वेसी त्या खडकात मुळे रोवून उंच वाढतो. सृष्टीचा हा न्याय मोठा विचित्र म्हटला पाहिजे, की ज्यांना खावयास पुरेसे नाही त्यांनाच नौका बांधण्याचे साधन विपुल मिळावे. या बेटांनी नौका व लाकडी भांडी घडवावी आणि त्यांच्या बदल्यात अन्न मिळवावे, असा व्यवहार पिढ्यानुपिढ्या चालला. तोंगामध्ये एवढे लाकूड नव्हते. म्हणून अडीचशेहून अधिक सागरी मैल ओलांडून तोंगाचे सरदार आपल्या सुतारांसह लाऊमध्ये येत, नौका पुरी होईपर्यंत वर्षानुवर्षे तेथे राहत, आणि या पाहुणचाराची फेड स्थानिक राजांच्या लढाया लढून करीत. कंबारावरील ‘लेमाकी’ हे नौकाकारांचे घराणे मूळचे समोआचे. तोंगामार्गे ते येथे आले व येथेच रुजले, असे त्यांची परंपरा सांगते. म्हणजे रचनेचे बीज मायक्रोनेशियाचे, लाकूड फिजीचे, हात समोआचे आणि हाकणारे बहुधा तोंगाचे, अशी ही नौका आहे. एकाच राष्ट्राचा शिक्का तिच्यावर मारू पाहणाऱ्याची येथे पंचाईत होते.

सुताराचे काम पाहण्यासारखे असे. फळ्या वाकसाने तासताना आतल्या बाजूस कडेला एक उभार पाळ ठेवीत. दोन फळ्यांच्या पाळी एकमेकींना भिडवून त्यांना भोके पाडीत आणि नारळाच्या काथ्याच्या वेणीने, जिला ते ‘मांगीमांगी’ म्हणतात, त्या घट्ट आवळीत. सांध्यांत झाडाचा चीक भरीत. सारी शिवण आत राहिल्यामुळे बाहेरून नौकेचे अंग गुळगुळीत दिसे. फळी कोठे संपते व कोठे सुरू होते हे नवख्याला ओळखता येत नसे. काथ्याने शिवलेली गलबते अरबी समुद्रातही एके काळी सर्वत्र होती. परंतु तेथे शिवण बहुधा बाहेरूनही दिसे. आतल्या पाळींची ही कलाकुसर करताना फळीचे अर्धेअधिक लाकूड तासून फेकून द्यावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाला काय वेळ लागत असेल याचा अंदाज येतो. पूर्वी हे सर्व दगडी वाकसांनी होई. १८०४ च्या सुमारास व्हानुआ लेवू बेटावरील चंदनासाठी परदेशी व्यापारी फिजीत येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर लोखंड आले. लोखंडी पात्याचे वाकस हाती येताच नौका अधिक झपाट्याने व अधिक मोठ्या होऊ लागल्या. द्रुआच्या वैभवाचा काळ म्हणून जो ओळखला जातो, तो याच लोखंडाने आणला. मात्र लोखंड ज्या जहाजातून आले ते जहाजही फिजीच्या राजांनी डोळे भरून पाहिले होते. त्याचा परिणाम पुढे यावयाचा होता.

या नौकेवाचून फिजीच्या त्या शतकाचा इतिहास समजणार नाही. म्बाऊ हे बेट अवघे वीस एकरांचे. ओहोटीला पायी चालत मुख्य भूमीवर जाता यावे इतके किनाऱ्यालगत. तेथे ना शेती, ना जंगल. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिजीतील सर्वात प्रबळ सत्ता हीच. तिचे बळ किनाऱ्यावर दगडी गोद्यांत विसावलेल्या नौकांत होते. दूरच्या बेटांतून खंडणी आणावयाची ती द्रुआतून, शत्रूच्या गावावर पहाटे झडप घालावयाची ती द्रुआतून, मैत्री जोडावयाची तर सर्वात मोठा नजराणाही द्रुआच. वर उल्लेखिलेल्या तानोआ राजाला ‘विसावांगा’ असे उपपद होते. त्याचा अर्थ ‘नौका जाळणारा’. शत्रूच्या नौका जाळल्या म्हणजे त्याचे राज्य जाळले, असा तो काळ होता.

आणि बांधणीचा खर्च? सुतारांची सबंध जमात वर्षानुवर्षे पोसावी लागे. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर मेजवानी, प्रत्येक टप्प्यावर देवमाशाच्या दातांची भेट. हे दात फिजीत सोन्याहून मोलाचे. ते सारे धान्य व कंद प्रजेच्या मळ्यांतून येई. याहून भयंकर खर्च मिशनऱ्यांनी नोंदविला आहे. नावेचा कणा घातला की नरबळी, नौका पाण्यात लोटली की नरबळी, नव्या बंदरात प्रथम डोलकाठी उतरविली की नरबळी. काही प्रसंगी तर नौका ओढण्यासाठी लाकडी रुळांच्या जागी बांधलेले जिवंत कैदी अंथरले जात. मिशनरी लेखकांना आपल्या धर्मप्रसाराची आवश्यकता पटवून द्यावयाची होती, तेव्हा त्यांच्या प्रत्येक वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे बरे नव्हे. परंतु फिजीच्या लोकांच्या स्वतःच्या आठवणींतही ही गोष्ट आहे, आणि ती अमान्य करण्यास जागा नाही. द्रुआच्या सौंदर्याचे गोडवे गाणाऱ्या अलीकडील लेखनात हा भाग बहुधा एका ओळीत उरकला जातो. ज्या सत्तेने असे लाकूड, असे कारागीर आणि अशी वर्षे एका नौकेत ओतली, तीच सत्ता ही माणसेही ओतू शकत होती. शंभर फुटी द्रुआ आणि तो रुळ ही एकाच दरबारातली.

तानोआ १८५२ च्या डिसेंबरात वारला. त्याचा मुलगा थाकोंबाऊ हा महत्त्वाकांक्षी पुरुष. फिजीतील श्रेष्ठ आरमार त्याच्या हाती होते. परंतु त्याचे मन आता परदेशी जहाजांत गुंतले होते. त्याने तशी जहाजे परदेशांतून मागविली आणि त्यांची किंमत ‘बेश-द-मेर’ या वाळविलेल्या समुद्रकाकडीच्या रूपाने देण्याचे ठरविले. चीनच्या बाजारात या प्राण्याला मोठा भाव होता. अर्थात समुद्रात बुड्या मारून तो गोळा करावयाचा कोणी, तर अंकित गावांनी. गावे कुरकुरली, काहींनी सरळ नकार दिला, आणि थाकोंबाऊच्या सत्तेला तडे जाऊ लागले. त्याला हा हव्यास का सुटला असावा हे समजणे कठीण नाही. काथ्याने आवळलेल्या चौथऱ्यावर तोफ चढविता येत नाही. आणि द्रुआ हाकावयास पन्नास कसलेली माणसे हवीत, तेथे लहानशा स्कूनरला पाचसात पुरत. वेगात द्रुआ हरली नव्हती. एकाच वाऱ्यात तिने युरोपीय जहाजांना मागे टाकल्याच्या हकिकती आहेत. ती हरली माणसांच्या हिशेबात.

तरीही शेवटचा मोठा डाव तिचाच झाला. तावेउनी बेटावर बांधलेली ‘रा मारामा’, म्हणजे ‘बाईसाहेब’, ही शंभर फुटांवरची द्रुआ थाकोंबाऊने तोंगाचा राजा जॉर्ज तुपोऊ याला देऊ केली होती. ती नेण्याच्या निमित्ताने १८५५ साली तोंगाचा राजा फिजीत आला. परंतु एक नौका न्यावयास तो सुमारे चाळीस नौका आणि दोन हजार माणसे घेऊन आला! थाकोंबाऊ त्या वेळी बंडखोरांनी घेरलेला होता. वर्षापूर्वीच, १८५४ च्या एप्रिलात, त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत हा राजा होता. १८५५ च्या एप्रिलात काबा येथील लढाईत तोंगाच्या सैन्याने बंडखोरांचा मोड केला आणि थाकोंबाऊचे सिंहासन वाचले. त्या मदतीची किंमत म्हणून राजाचा आप्त माआफू याचे लाऊमध्ये चांगलेच बस्तान बसले, आणि दोन सत्तांच्या ओढाताणीत फिजी हळूहळू परकीयांच्या पंखाखाली सरकत गेले. १८७४ च्या १० ऑक्टोबर रोजी थाकोंबाऊने व इतर सरदारांनी लेवुका येथे आपला मुलूख इंग्लंडच्या राणीच्या स्वाधीन केला.

यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. १८७५ च्या जानेवारीत थाकोंबाऊ सिडनीहून ब्रिटिश युद्धनौकेतून परतला. तिच्याबरोबर गोवर आला. काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येचा निदान चौथा हिस्सा, मरण पावली. त्यांत ज्यांना शिडाची व वाकसाची विद्या तोंडपाठ होती असे किती वृद्ध गेले असतील! लढाया बंद झाल्या, खंडणी बंद झाली, नरबळी बंद झाले. आणि त्याबरोबर सरदाराला पन्नास सुतार पोसण्याचे प्रयोजनही सरले. नव्या नियमांनुसार फिजीच्या माणसाला परवानगीवाचून आपले गाव सोडून फिरण्याची मोकळीक उरली नाही. मग समुद्र ओलांडावयाचा तो कोठे? १८७९ च्या मे महिन्यात ‘लिओनिडास’ जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये हिंदी मजूर घेऊन त्याच लेवुका बंदरात आले. १९१६ पर्यंत असे साठ हजारांहून अधिक लोक आले. उसाचे मळे, साखरेचे कारखाने, आगबोटी यांचा तो काळ. त्या मजुरांपैकी पहिल्या काहींनी कदाचित एखादी द्रुआ शिडे उभारून जाताना पाहिली असेल; त्यांच्या नातवंडांना ते दृश्य दिसले नाही. १९३४ साली फिजीसाठी निराळी नाणी पाडण्यात आली, तेव्हा शिलिंगावर शीड उभारलेल्या उलांडीच्या नौकेचे चित्र आले. नाण्यावर जागा मिळाली तेव्हा मोठी बहीण पाण्यावर उरली नव्हती.

सुवा येथील फिजी म्युझियममध्ये आज एक द्रुआ पाहावयास मिळते. तिचे नाव ‘रातु फिनाऊ’. ती १९१३ साली बांधली गेली आणि तिची लांबी सुमारे ४४ फूट आहे. जुन्या हिशेबाने ती पोरच म्हणावयाची. परंतु परंपरेतून उतरलेल्या हातांनी केलेली ती जवळजवळ अखेरची नौका होय. शिवणीच्या पाळी, चौथरा, सुकाणूचे लांबलचक वल्हे, सारे तेथे जवळून पाहता येते. त्याच संग्रहालयात, फार दूर नव्हे, एका जुन्या जहाजाचे सुकाणूही ठेवलेले आहे. ते पिटकेअर्न बेटाजवळ समुद्रतळातून १९३३ साली वर काढले गेले, ते ‘बाउंटी’चे.

थामाकाऊ मात्र संपली नाही. लाऊच्या दक्षिणेकडील बेटांत ती अजून बांधली जाते. सुव्याजवळच्या लाउकाला उपसागराच्या काठी कोरोवा नावाची एक लहानशी वस्ती आहे; तेथील कुटुंबे लाऊमधील मोथे बेटाहून आपल्या थामाकाऊंतून शिडाच्या बळावर राजधानीपर्यंत आली आणि तेथेच राहिली. राजधानीच्या आगबोटींसमोर त्यांची मुले आजही शीड इकडून तिकडे फिरविण्याचा तो जुना खेळ शिकतात. याच हातांच्या आधाराने, आणि ‘रातु फिनाऊ’चा नमुना पुढे ठेवून, नावुआ येथे ‘इ वोला सिंगावोऊ’ नावाची नवी द्रुआ बांधण्यात आली आणि २०१६ साली ती पाण्यात उतरली. शंभर वर्षांनंतर ही पहिलीच. लाकूड, काथ्या आणि मोजमापे मिळाली होती. परंतु एवढी मोठी नौका प्रत्यक्ष हाकलेला एकही माणूस हयात नव्हता. शिडाचे टोक सोडल्यावर ते दुसऱ्या टोकाला नेताना कोणी कोठे उभे राहावयाचे, हे त्या खलाशांना समुद्रावर जाऊनच, चुकत चुकत शोधावे लागले.